फटफटी आणि खडीची सडक

महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटेचा चहा घेऊन फटफटी बाहेर काढावी, घरच्या मंडळींस 'दिवेलागणीच्या आत येतो' एवढे सांगावे, आणि हमरस्ता सोडून ज्या आडसडकेने पूर्वी कधी गेलो नाही तिने जावे, असा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. वेग बेताचा असतो. तासाला चाळीस किलोमीटरच्या पुढे काटा गेला की शेतातले काही दिसेनासे होते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहो. वाटेत चिंचेखाली थांबावे, भाकरीची शिदोरी सोडावी, गुराख्याशी चार शब्द बोलावे, एखाद्या पडक्या वेशीवरचा लेख वाचता येतो का पाहावे, यापलीकडे या भटकंतीत काही पुरुषार्थ नाही. या छंदाचे समर्थन करण्याची आम्हांस हौस नाही; घरातही ते कोणी मागेनासे झाले आहे. परंतु इतिहासाचा नाद लागलेल्या मनुष्याची एक खोड असते. ज्या वस्तूचा तो उपभोग घेतो ती कोणी केली, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. बसावयाचे वाहन कोणी केले हे पुस्तकांतून चटकन सापडते. खालची सडक कोणी केली हे मात्र सहसा सापडत नाही.

वाहनाची हकीकत थोडक्यात सांगता येते. 1885 साली जर्मनीतील कान्ष्टाट येथे गोटलीब डाइमलर व त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे एंजिन बसविले, आणि डाइमलरचा पोरसवदा मुलगा पाउल ते गाडे घेऊन जवळच्या उंटरट्युर्कहाइम गावापर्यंत जाऊन आला. एंजिनातील तापलेल्या नळीमुळे बैठक वाटेत पेटली असे सांगतात. पृथ्वीतलावरील फटफटीची पहिली सहल ही अशी, म्हणजे एका गावाहून शेजारच्या गावी आणि परत! नऊ वर्षांनी, 1894 मध्ये, म्युनिकच्या हिल्डेब्रांट व वोल्फम्युलर यांनी असे वाहन विक्रीसाठी संख्येने तयार केले. इंग्लंडातील रेडिच येथील एन्फील्ड कारखान्याची पहिली मोटारसायकल 1901 ची. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करास सरहद्दीवरील गस्तीसाठी या कारखान्याच्या बुलेट गाड्या पसंत पडल्या, आणि 1955 साली मद्रासेस त्यांची जुळणी सुरू झाली. 1961 पासून म्हैसुरास जावा गाड्या होऊ लागल्या. पुढे 1985 च्या सुमारास थोड्या पेट्रोलवर पुष्कळ चालणाऱ्या जपानी धर्तीच्या हलक्या गाड्या आल्या आणि फटफटी खेड्यात शिरली. आज कोणत्याही आडसडकेवर सकाळी पाहावे, तर आमच्यासारखे हौशी शेकड्यात एखाददुसरे. बाकी सगळे दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन अडकविलेले गवळी, शाळेस निघालेले मास्तर, नाही तर नवरा, बायको, मूल आणि वर खताचे पोते असा प्रपंच. यांच्या मधून वाट काढताना आपण काही विशेष करीत आहोत हा भ्रम पहिल्या मैलातच उतरतो.

आता सडकेकडे वळू. गेल्या माघात आम्ही साताऱ्याहून माण तालुक्याकडे निघालो. कोरेगावावरून पुढे वर्धनगडाच्या खालची खिंड चढून पलीकडे उतरले की पुसेगाव लागते. तेथून पंढरपुराकडे जाणारा पूर्वीचा राज्यमार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. रुंद, सपाट, मध्ये दुभाजक, आणि आमच्या कामाचा नाही. म्हणून खटावावरून वडूजची वाट धरली. वडूजला तहसील कचेरीवर 9 सप्टेंबर 1942 रोजी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. तेथील हुतात्म्यांना नमस्कार करून दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा रोख ठेवला, आणि जेथे जेथे डावी-उजवीकडे अरुंद सडक फुटली तेथे ती घेतली.

या मुलखाचा स्वभाव सातारकरांस ठाऊक आहे. इतरांसाठी सांगितले पाहिजे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माणात 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पडला तर लोक वर्ष बरे गेले म्हणतात. सह्याद्रीच्या धारेवर सगळे पाणी सांडून ढग रिकामे होऊन इकडे येतात. महादेवाच्या डोंगररांगेचे बोडके माथे, मुरमाड माळ, बाभळी, मेंढरांचे कळप, आणि वर अफाट आकाश. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या 1949 च्या पुस्तकाने हा प्रदेश मराठी वाचकाच्या घरात आणून सोडला. फटफटीवरून पाहणारास तो फार सुंदर दिसतो, आणि त्या सौंदर्याचे कारण बहुतांशी तेथे पाणी नाही हेच असते, ही गोष्ट जरा अवघड वाटण्याजोगी आहे.

म्हसवडच्या अलीकडे एका आडसडकेवर आम्ही पडलो. वळणावर डांबर उखडले होते, खडी मोकळी झाली होती, आणि पुढच्या चाकाने ब्रेकचे ऐकले नाही. गुडघा खरचटला, आरसा फुटला, एवढ्यावर निभावले. चूक आमचीच, मोकळ्या खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये हे पोरासोरांस कळते. परंतु रस्त्यावर बसल्याबसल्या त्या खडीकडे जे लक्ष गेले ते एरवी गेले नसते. वरच्या थरातील खडी यंत्रातून निघालेली, एका मापाची होती. खालच्या उघड्या पडलेल्या थरातील दगड लहानमोठे, वेडेवाकडे, एकेक निराळ्या ठोक्याने फुटलेले होते. ती हाताने फोडलेली खडी होती.

अशा खडीची सडक ही मूळची स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडम याची कल्पना. 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा तो अधिकारी झाला. मोठाले दगड पायात घालण्याची जुनी रीत त्याने मोडली, आणि सहा औंसांपेक्षा जड दगड रस्त्यात पडू नये असा नियम केला. कारण असे की फोडलेल्या दगडास कोन असतात; वरून वजन पडले की ते कोन एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट होतो. गोटे गोल असतात म्हणून ते घसरतात. रस्त्याच्या पोटात पाणी शिरू नये म्हणून मध्ये थोडा उंचवटा आणि दोन्ही बाजूंस चर ठेवला की झाले. शास्त्र एवढे सोपे, परंतु एवढा दगड फोडावयाचा कोणी? इंग्लंडातही उत्तर गरीब मनुष्य हेच होते. तेथील अनाथालयांतून निराश्रितांस खडी फोडावयास लावीत. हिंदुस्थानात हे उत्तर दुष्काळाने दिले.

1876 साली दख्खनेत पाऊस गेला. त्या वेळच्या सरकारचे धोरण असे होते की फुकट अन्न वाटू नये, काम द्यावे; आणि कामात माती व दगड हीच सर्वांत सोपी. सडका, तलाव, कालवे निघाले. नीरेच्या डाव्या कालव्याची आणि म्हसवडजवळील राजेवाडीच्या मोठ्या तलावाची सुरुवात याच काळातील. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीवर पाठविले. खर्च आटोक्यात ठेवणे हे त्याच्या कामाचे मुख्य अंग होते, आणि त्याने मजुरास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड पुरे असा हिशेब मांडला. दिवसभर दगड फोडणाऱ्या मनुष्यास एक पौंड धान्य! मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाविरुद्ध कडक लिहिले. मद्रासेत ते पुढे वाढवावे लागले.

त्यानंतर दख्खनेत जे झाले ते आमच्या मते या सडकांच्या इतिहासातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे प्रकरण आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ते फारसे येत नाही. मजुरी कमी करावी आणि धडधाकट लोकांस गावाजवळच्या लहान कामांवरून काढून दूरच्या मोठ्या कामांवर धाडावे असे हुकूम सुटले, तेव्हा हजारो मजूर कामे टाकून निघून गेले. उपाशी माणसांनी पुकारलेला हा संप होता. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की ज्यांना काम सोडवते त्यांना गरज नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र गावोगावचे आपले प्रतिनिधी कामास लावून हकीकती मागविल्या आणि सरकारास पत्रांमागून पत्रे लिहिली. 1870 मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे प्राण गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि तिच्या लेखणीमागे न्यायमूर्ती रानड्यांची बुद्धी. वकील, कारकून, शाळामास्तर असल्या पांढरपेशा मंडळींनी खडी फोडणाराच्या पोटाचा हिशेब मांडून सरकारशी वाद घातला, हे आपल्या वर्गाच्या इतिहासातील मोठे मानाचे पान आहे असे आम्हांस वाटते. आज हा वर्ग आडसडकेवर हवा खावयास जातो. त्यात आम्ही आलोच. 1880 च्या दुष्काळ आयोगाने काम मागेल त्यास काम द्यावे हे तत्त्व मान्य केले आणि त्यावरून दुष्काळी नियमावली तयार झाली, तीत या सगळ्या भांडणाचा थोडाबहुत वाटा असलाच पाहिजे.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. फक्त एका मराठी नावाचा उल्लेख केला पाहिजे. मोटारी वाढल्या, लोकल बोर्डांस सडका झेपेनात, तेव्हा 1927 मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या सांगण्यावरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला, आणि 1929 पासून तो सडकांच्या निधीत जाऊ लागला. 1943 साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आज आपण मैलाच्या दगडांवरील पिवळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांवरून ओळखतो तिची मांडणी तेथली. नारिंगी रंगाचा दगड दिसला की आम्हांस आनंद होतो. अर्थात नागपूरच्या परिषदेत कोणी आमच्या आनंदाचा विचार केला नव्हता.

म्हसवडच्या त्या वळणाकडे परत जाऊ. आम्ही पडलेले पाहून बांधाकडून एक म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन आली. "लागलं का, बाबा?" एवढे विचारून तिने गुडघ्यावर पाणी ओतले. आम्ही खडीस दोन शब्द लावले, तशी ती हसली आणि म्हणाली, "तिला नावं नका ठिऊ. आमीच फोडल्या ती." बहात्तरच्या दुष्काळात ती पंधरा-सोळा वर्षांची, नुकती नांदावयास आलेली होती. सासू, जाऊ आणि ती अशा तिघी कामावर होत्या. हातोड्याच्या ठोक्याने दगड उडू नये म्हणून जुन्या टायरचे कडे त्याच्या भोवती धरावयाचे. अंगठ्यास फडके गुंडाळावयाचे. संध्याकाळी मुकादम खडीचा ढीग मापून ब्रास मोजी, त्यावर हजेरी. लाल मिलोची भाकरी आणि पोरांसाठी मिळणारी सुकडी यांची चव तिला अजून आठवत होती. सुकडी गोड असे, असे तिने दोनदा सांगितले. जवळच्या मोरीच्या कठड्यावर सिमेंटात ओढलेला 1973 हा आकडा तिने आम्हांस नेऊन दाखविला. तो आम्ही तिच्याशिवाय कधीच पाहिला नसता.

1970 पासून लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस हुकला. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. पहिल्या महिन्यांत काम म्हणजे बहुतेक ठिकाणी खडी केंद्रच. पुढे पाझर तलाव, नाला बंडिंग आणि सडका वाढल्या. त्या वेळी शहरांतून टीका होई की या सडका कोठेही जात नाहीत. खडी फोडून ढीग लावले, त्यावर मुरूम नाही, रोलर नाही, मोऱ्या नाहीत, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी माती ओढ्यात. टीका खोटी नव्हती. परंतु ती अर्धीच होती असे आम्हांस आता वाटते. त्या अर्धवट सडकांच्या आखणीवरच पुष्कळ ठिकाणी नंतर डांबर पडले, एस.टी. आली, दुधाची गाडी आली. 2000 साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने तर अशा कित्येक वाटा पक्क्या केल्या. म्हणजे सडक कोठेही जात नव्हती हे खरे असले, तरी तिने पुढे जावयाची दिशा धरून ठेवली होती.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना कायद्यात उतरली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी 1965 मध्ये सांगलीकडील तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग करून पाहिला होता. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि 2005 साली साऱ्या देशासाठी जो ग्रामीण रोजगाराचा कायदा झाला त्याचा वडील भाऊ हाच. पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न होता. त्यासाठी शहरातील मिळवत्या माणसांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. आमच्या वाचकांपैकी जे नोकरी करतात त्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. महिना दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाला 2500 रुपये कापलेले असतात. कचेरीत सगळे त्यावर कुरकुर करतात. आम्हीही तीस वर्षे केली, आणि हे पैसे कशाकरता जातात हे विचारण्याचे सुचले नाही. सार्वजनिक काकांच्या मंडळींनी रात्री जागून हकीकती लिहिल्या. आमच्या हातून हे कर्तव्य कारकुनाने न विचारता परस्पर उरकले. यास पुण्य म्हणावे की काय ते वाचकांनी ठरवावे.

सध्या या सडकांचे दुसरेच दिवस आले आहेत. रुंदीकरण चालू आहे, आणि जेथे महामार्ग जातो तेथे जुन्या वडांच्या रांगा आधी जातात. अशोकाने आपल्या लेखांत रस्त्याकडेस वड लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे मुद्दाम सांगितले आहे. रस्ता म्हणजे सावली आणि पाणी ही समजूत या देशात दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली, ती आमच्या डोळ्यांदेखत जात आहे. परंतु येथे आम्हांस जरा जपून बोलले पाहिजे. अरुंद, वळणाची, झाडांनी झाकलेली सडक हवी असणारा मनुष्य महिन्यातून एकदा येतो आणि संध्याकाळी घरी जातो. ज्याची गरोदर सून त्या सडकेने तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाची असते त्याला सडक रुंद हवी. त्या म्हातारीस आम्ही विचारले होते, ही सडक अशीच राहावी का? ती म्हणाली, "मोठी झाली तर बरंच हाय की. पर ही मोरी तेवढी ठिवा म्हनावं."

तेथून आम्ही शिखर शिंगणापुरास गेलो. शंभू महादेवाच्या दर्शनास चैत्रात कावडी घेऊन मुंगी घाटाने जे लोक वर चढतात त्यांना सडक लागतच नाही, ती आमच्यासारख्यांसाठी. खाली मोठा तलाव आहे. यात्रेकरूंस पाणी मिळत नाही हे पाहून मालोजीराजे भोसल्यांनी तो बांधविला असे सांगतात. त्या दिवशी त्यात पाणी बरेच खाली गेले होते. फलटणास चहा घेतला, आदर्कीच्या बाजूने साताऱ्याकडे वळलो तेव्हा सूर्य मावळत होता. वाटेत एके ठिकाणी नव्या सडकेचे काम बंद पडलेले दिसले. बाजूस यंत्राच्या खडीचा ढीग, एक रोलर आणि त्याच्या सावलीत निजलेला कुत्रा. माणूस एकही नव्हता. गुडघा ठणकत होता म्हणून थोडा वेळ तेथेच गाडी उभी केली आणि ढिगातला एक खडा उचलून पाहिला. सकाळच्या सडकेवरचा एक दगड आम्ही खिशात टाकून आणला होता. दोन्ही आता टेबलावर आहेत. कोणता कोणता हे घरातल्या मुलांना हात लावल्याबरोबर कळते.